वैमानिकाची पहिली परीक्षा

बेळगाव शहराच्या दक्षिणेस लागून असलेले अनगोळ हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. आज ते शहरात इतके मिसळून गेले आहे की गावाची शीव कोठे संपते आणि शहराची कोठे सुरू होते, हे नवख्या माणसास सांगता येणार नाही. शहराच्या पूर्वेस सांबऱ्याचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, तो ब्रिटिश हवाई दलाने बांधला. स्वातंत्र्यानंतर तेथे भारतीय हवाई दलाच्या जवानांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. त्यामुळे या भागातील मुलांना विमानाचे नावीन्य नाही. डोक्यावरून आवाज गेला की मुले वर पाहतात आणि त्यांतील एखाद्याच्या मनात आपणही एक दिवस तेथे असावे, अशी इच्छा रुजते. परंतु त्या इच्छेच्या वाटेवर पहिला भेटणारा माणूस विमान शिकविणारा नसतो. तो असतो डॉक्टर. हा डॉक्टर तेथे कसा येऊन उभा राहिला आणि तो नेमके काय तपासतो, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम हवेविषयी थोडे सांगावयास हवे. बेळगावची भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. समुद्रकाठी वायुभारमापकातील पारा ७६० मिलिमीटरपर्यंत चढतो. बेळगावास तो सातशेच्याही थोडा खालीच राहतो. येथील माणसास या फरकाची जाणीव एरवी होत नाही. पण आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीस उतरताना कान गच्च होतात आणि आवंढा गिळला की ते टचकन मोकळे होतात, हा अनुभव बेळगाव भागातील प्रत्येकाच्या गाठीस आहे. त्यात सर्दी झाली असेल, तर घाट उतरेपर्यंत कानात ठणका लागतो. लहान मूल असले तर ते रडून गाडी डोक्यावर घेते. वैमानिकाच्या तपासणीतील अर्धे शास्त्र या घाटातच सापडते.

घशाच्या मागून मध्यकर्णाकडे जाणारी एक बारीक नळी असते. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की ही नळी उघडून आतील दाब बाहेरच्याशी जुळवून घेते. सर्दीने ती सुजली की हवेची वाट बंद होते. वर चढताना आतील हवा कशीबशी बाहेर पडते, पण खाली येताना बाहेरची हवा आत शिरू शकत नाही. पडदा आत खेचला जातो आणि प्रसंगी फाटतोही. नाक दाबून, तोंड मिटून, हळूच हवा कानाकडे लोटण्याची युक्ती आन्तोनिओ व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ साली आपल्या कर्णविषयक ग्रंथात वर्णिली. त्या वेळी आकाशात उडणारे मानवनिर्मित यंत्र एकही नव्हते. आज जगातील प्रत्येक वैमानिकास ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकवितात.

उंचीवरची हवा माणसास मानवत नाही, ही गोष्ट विमानाच्या कितीतरी आधी ध्यानात आली होती. जोसे दे आकोस्ता या येशूसंघीय धर्मगुरूने दक्षिण अमेरिकेतील आन्डीज पर्वत ओलांडताना स्वतःस आणि सोबत्यांस झालेल्या विलक्षण व्याधीचे वर्णन १५९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. तेथील हवा इतकी सूक्ष्म आहे की ती मनुष्याच्या श्वासोच्छ्वासास पुरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हवेला वजन असते, हे सिद्ध होण्यास त्यानंतर सुमारे अर्धशतक लागले. १६४८ साली फ्रान्समधील प्युई द दोम या डोंगरावर पास्कालच्या मेव्हण्याने पाऱ्याची नळी नेली, तेव्हा जसजसे वर जावे तसतसा पारा खाली उतरत असल्याचे आढळले. पायथ्याच्या मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून बसले होते. त्या नळीतील पारा मात्र हलला नाही. म्हणजे बदल हवामानाचा नव्हता, उंचीचा होता.

पुढे माणूस फुग्यात बसून वर जाऊ लागला. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमधील जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल हे फुग्यातून इतक्या उंच गेले की ग्लेशर बेशुद्ध पडला आणि कॉक्सवेलचे हात निकामी झाले. वायू सोडण्याच्या झडपेची दोरी त्याने दातांनी ओढली, म्हणून दोघे जिवंत परतले. या घटनेने युरोपातील विद्वानांचे कुतूहल जागे झाले. उंचीवर माणूस का मरतो? थंडीने, थकव्याने, की हवेच्या दाबाने?

या प्रश्नाचे उत्तर पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. त्याने पॅरिसमध्ये लोखंडी पत्र्याची एक भक्कम कोठी तयार करवली. पंपाने तिच्यातील हवा काढून घेतली की आत बसलेला मनुष्य जागचा न हलता पर्वतावर चढल्यासारखा होई. आज जिला वैमानिक नुसते 'चेंबर' म्हणतात, त्या कमी दाबाच्या कोठीचे हे मूळ होय. १८७४ साली बेर स्वतः तिच्यात बसला आणि मधूनमधून प्राणवायू घेत एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो तितक्या कमी दाबापर्यंत सुखरूप गेला. दाब कमी झाला तरी प्राणवायू पुरेसा मिळाला तर माणूस तगतो, आणि प्राणवायू तुटला तर तो मरतो, हे त्याने दाखविले. १८७८ साली प्रसिद्ध झालेला वायुभाराविषयीचा त्याचा ग्रंथ या विद्येचा पाया मानला जातो.

त्याच वर्षी, म्हणजे १८७४ च्या मार्च महिन्यात, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोन तरुण फुगेवाले बेरच्या कोठीत बसले. उंच जाण्यापूर्वी जमिनीवरच उंचीचा अनुभव घेणारे हे पहिले उड्डाणवीर म्हणावे लागतील. प्राणवायूची थैली तोंडाशी धरताच डोळ्यांपुढील अंधारी कशी जाते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १८७५ रोजी, गास्तों तिसांदिए या तिसऱ्या सोबत्यासह ते 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून निघाले. बेर तेव्हा पॅरिसमध्ये नव्हता. बरोबर नेत असलेला प्राणवायू पुरणार नाही, असे त्याने पत्राने कळविले. पण प्रयाणाचा दिवस ठरून गेला होता आणि पत्र उशिरा पोचले. तिघांनी असा बेत केला की प्राणवायू अगदी गरज भासेल तेव्हाच घ्यावयाचा.

चूक झाली ती येथेच. गरज भासण्यासाठी मेंदू शाबूत असावा लागतो, आणि प्राणवायूच्या अभावी पहिला आघात होतो तो मेंदूवरच. तिसांदिएने पुढे लिहून ठेविले आहे की त्या उंचीवर त्यास कसलीही पीडा झाली नाही, उलट एक आंतरिक आनंद वाटू लागला. धोक्याचा विचार मनात आला नाही. प्राणवायूची नळी हाताशी असूनही हात उचलेना. फुगा सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेला. तिसांदिए शुद्धीवर आला तेव्हा त्याचे दोघे सोबती मरून पडले होते. तो स्वतः वाचला, पण त्याची श्रवणशक्ती गेली.

या दुर्घटनेतून दोन धडे निघाले. पहिला असा की प्राणवायूची तूट माणसास दुखवीत नाही, ती त्यास भुलविते. चुलीतील विस्तव हातास लागला तर हात आपोआप मागे येतो. येथे तसा इशारा नाही. म्हणून प्रत्येक वैमानिकास आपल्या शरीराची स्वतंत्र खूण आधीच ओळखून ठेवावी लागते. कोणाची बोटे बधिर होतात, कोणास ऊब वाटते, कोणी विनाकारण हसू लागतो, कोणाच्या डोळ्यांपुढील रंग फिके होतात. ही खूण पुस्तकातून कळत नाही. ती कोठीत बसूनच कळते. दुसरा धडा असा की एका बैठकीने माणूस सुरक्षित होत नाही. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांना कोठीचा अनुभव होता. त्या अनुभवाने त्यांस धीर दिला, पण पुरेशी सावधगिरी दिली नाही.

पहिल्या महायुद्धात विमाने हजारोंनी उडू लागली आणि वैमानिक कोणास करावे, हा प्रश्न सैन्यापुढे आला. इंग्लंडात मार्टिन फ्लॅक याने एक साधी कसोटी काढली. उमेदवाराने नळीत फुंकून पाऱ्याचा स्तंभ ४० मिलिमीटरवर उचलावा आणि जमेल तितका वेळ तो तसाच धरून ठेवावा. अमेरिकेत १९१८ साली उमेदवारांस बंद पिशवीतील तीच ती हवा पुन्हा पुन्हा श्वासावाटे घ्यावयास लावीत. प्राणवायू हळूहळू घटत जाई आणि कोण किती उंचीस टिकेल, याचा अंदाज डॉक्टर बांधीत. या परीक्षा आज ओबडधोबड वाटतात, पण छातीचा घेर आणि उंची मोजून शिपाई निवडण्याच्या पद्धतीपेक्षा त्या कितीतरी पुढे होत्या.

याच युद्धातील एका भारतीय तरुणाची कथा येथे आठवते. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय हा लंडनमध्ये शिकत होता. १९१७ साली त्याने हवाई दलाकडे अर्ज केला, तेव्हा दृष्टी सदोष म्हणून वैद्यकीय मंडळाने त्यास नाकारले. मुलाने हाय खाल्ली नाही. त्याने आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. निर्णय फिरला. जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत त्याने शत्रूवर दहा हवाई विजय मिळविले, आणि २२ जुलै रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यास वीरमरण आले. तपासणी करणाऱ्याचा शब्द अखेरचा मानावा लागतो हे खरे, पण तोही चुकू शकतो.

स्वतंत्र भारतास हा विषय फार लवकर निकडीचा झाला. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना घेऊन लेह येथे डाकोटा विमान उतरविले. लेहची धावपट्टी सुमारे दहा हजार सातशे फुटांवर आहे आणि वाटेतील हिमशिखरे तिच्याहून कितीतरी उंच. डाकोटाच्या आतील हवा बाहेरच्या हवेइतकीच विरळ होई, कारण त्या विमानात दाब राखण्याची सोय नव्हती. पुढे जेट विमाने आली आणि चाळीस हजार फुटांची उंची नित्याची झाली. तेव्हा वैमानिकाच्या शरीराचा अभ्यास करणारी स्वतःची संस्था देशास हवी, हे उघड झाले. २९ मे १९५७ रोजी बंगळूर येथे हवाई दलाची वैमानिकी वैद्यकाची शाळा स्थापन झाली. तिच्या उभारणीशी एअर व्हाइस मार्शल श्रीनागेश यांचे नाव आदराने जोडले जाते. अवकाशयुगास साजेसे नाव धारण करून ही संस्था आज 'इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन' म्हणून ओळखली जाते. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचे. सैन्याच्या वैद्यकीय सेवेस डॉक्टर पुरविणाऱ्या या महाविद्यालयामुळे या विद्येची एक वाट महाराष्ट्रातून जाते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता कोठीच्या दारापाशी काय घडते, ते पाहू. वैमानिकांची तुकडी येते. आत जाण्यापूर्वी डॉक्टर एकेकास तपासतो. सर्दी आहे काय? कानाचा पडदा आवंढा गिळताना हलतो काय? कपाळातील आणि गालातील पोकळ्या मोकळ्या आहेत काय? दात नुकताच भरून घेतला आहे काय? दाताच्या भरणाखाली हवेचा एखादा बुडबुडा अडकला असेल, तर वर गेल्यावर तो फुगतो आणि असह्य कळ येते. कारण नियम सोपा आहे. अठरा हजार फुटांवर दाब निम्मा होतो आणि कोंडलेली हवा सुमारे दुप्पट जागा मागते. पोटातील वायूसही हाच नियम लागू असल्यामुळे आदल्या रात्री वाल, हरभरा, कोबी यांपासून दूर राहण्याची सूचना असते. आजीबाईच्या पथ्यासारखी ही सूचना वाटते, पण तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे.

फुफ्फुसाची तपासणी याहूनही महत्त्वाची. फुफ्फुसावर एखादा हवेचा फोड असेल, तर तो वर गेल्यावर फुटण्याची भीती असते. रक्तातील तांबड्या पेशी पुरेशा आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्या त्याच. अलीकडे रक्तदान केले आहे काय, मद्य घेतले आहे काय, समुद्रात खोल बुडी मारली आहे काय, असे प्रश्न विचारतात. बुडी मारणाऱ्याच्या रक्तात नायट्रोजन वायू जास्त मुरलेला असतो. दाब एकाएकी कमी झाला की बाटलीचे बूच काढताच सोड्यास फेस यावा, तसे त्याचे बुडबुडे शरीरात सुटू लागतात. हाच धोका टाळण्यासाठी फार उंच नेण्यापूर्वी अर्धा तास शुद्ध प्राणवायू घ्यावयास लावून शरीरातील नायट्रोजन धुऊन काढतात.

तंबाखूचा प्रश्नही त्यात असतो, आणि निपाणीच्या परिसरात राहणाऱ्यांनी तो लक्षपूर्वक ऐकावा. ज्या तंबाखूवर या मुलखातील कित्येक घरांच्या चुली पेटल्या, तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. प्राणवायूची जागा तो बळकावून बसतो. त्यामुळे धूम्रपान करणारा मनुष्य जमिनीवर असतानाच, त्याच्या रक्ताच्या हिशेबाने, काही हजार फूट वर चढलेला असतो.

तपासणीत उत्तीर्ण झालेले आत बसतात. प्रथम कोठी पाच-सहा हजार फुटांपर्यंत नेऊन खाली आणतात. ही केवळ कानांची चाचणी. ज्याचा कान दुखला तो तेथेच बाहेर पडतो. नंतर पंचवीस हजार फुटांपर्यंत नेऊन मुखवटा काढावयास सांगतात आणि हातात कागद देतात. उमेदवाराने आपले नाव लिहावे, शंभरातून सात सात वजा करीत जावे. पहिल्या ओळी सुबक येतात. मग अक्षरे मोठी होतात, वाकडी होतात, आणि तरीही लिहिणाऱ्यास आपण उत्तम लिहीत आहो असेच वाटते. या उंचीवर उपयोगाची शुद्ध तीन ते पाच मिनिटे टिकते, चाळीस हजार फुटांवर ती पंधरा-वीस सेकंदांवर येते. मुखवटा पुन्हा चढविल्यानंतर स्वतःचा कागद पाहून मोठमोठे अनुभवी लोकही खजील होतात. या खजील होण्यातच शिक्षण आहे.

या सर्व तपासणीचा भार शेवटी एका गोष्टीवर येऊन ठेपतो. ती म्हणजे उमेदवाराचा खरेपणा. काचेतून कान दिसतो, क्ष-किरणांनी छाती दिसते, पण काल रात्रीची डोकेदुखी यंत्रास दिसत नाही. ती उमेदवारानेच सांगावी लागते. आपली पाळी जाईल, सोबती पुढे निघून जातील, या भीतीने सर्दी लपविणारा तरुण मनाने वाईट नसतो, उलट तो उत्साहीच असतो. परंतु डॉक्टरला सत्य सांगितले म्हणजे आपली वाट बंद होईल, असे ज्यास वाटते, तो सत्य सांगत नाही. म्हणून तात्पुरता नकार आणि कायमचा नकार यांतील भेद उमेदवारास स्पष्ट करून सांगणे, हे डॉक्टरचेही कर्तव्य ठरते.

छाननीचे शस्त्र दुसऱ्या बाजूनेही कापते. सिकल सेल नावाचा रक्ताचा एक आनुवंशिक विकार आहे. महाराष्ट्रात पूर्व विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात तो आढळतो. प्राणवायू कमी पडला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, म्हणून कोठीपूर्वी त्याची विचारणा योग्यच होय. परंतु आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो अंश मिळालेला मनुष्य रुग्ण नसतो, वाहक असतो. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीने अशा वाहकांना वर्षानुवर्षे प्रवेश नाकारला. त्यात कृष्णवर्णीय तरुणच प्रामुख्याने भरडले गेले. न्यायालयात दाद मागितली गेल्यानंतर १९८१ साली हे बंधन उठले. शास्त्राचे नाव घेऊन केलेली निवडसुद्धा शास्त्रानेच पुन्हा तपासावी लागते, हे यावरून दिसते.

बंगळूरच्या संस्थेच्या दारातून पुढे मोठमोठी माणसे गेली. राकेश शर्मा १९८४ साली अवकाशात गेले. त्यापूर्वी बंगळूर येथे त्यांस बहात्तर तास एका खोलीत एकटे कोंडून त्यांच्या मनाची परीक्षा घेण्यात आली होती. गगनयान मोहिमेसाठी हवाई दलाच्या वैमानिकांची प्राथमिक निवडही याच संस्थेत झाली. निवडलेल्या चौघांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली आणि त्यांतील शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून महिन्यात अवकाशस्थानकाकडे गेले.

हा विषय केवळ वीरांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरकडे निघालेल्या एका प्रवासी विमानात आतील दाब राखणारी कळ दाबावयाची राहून गेली. विमान वर चढताच प्राणवायूचे मुखवटे छतातून खाली लोंबले. तीसएक प्रवाशांना त्रास झाला आणि काहींच्या नाकातून व कानांतून रक्त आले. विमान मुंबईस परत फिरले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. १४ ऑगस्ट २००५ रोजी ग्रीसमध्ये तो टळला नव्हता. तेथे दाबाअभावी वैमानिक बेशुद्ध झाले, इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहिले आणि १२१ माणसे प्राणास मुकली. धोक्याची घंटा वाजली होती. तिचा अर्थ मात्र वेळीच लागला नाही. 'झेनिथ' फुग्यातील ती दोन माणसे आणि हे विमान यांच्यामध्ये एकशेतीस वर्षांचे अंतर आहे, पण मृत्यूची रीत तीच.

म्हणून अनगोळच्या एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी वैमानिक व्हावयाचे म्हणून हट्ट धरून बसली, तर वडीलधाऱ्यांनी तिला अभ्यासाबरोबर आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. तंबाखूपासून दूर राहावे, आणि डॉक्टरने विचारलेल्या प्रश्नास खरे उत्तर द्यावे. त्या दिवशी सर्दीमुळे परत यावे लागले, तर ते अपयश नव्हे. सर्दी आठवड्यात जाते आणि कोठीचे दार पुन्हा उघडते.